गावाची निकड कशी ओळखावी व दानाचा क्रम कसा लावावा
(जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, या गावाच्या निमित्ताने)



दुष्काळनिवारणाच्या कामी द्रव्य मिळविणे कठीण खरे. परंतु मिळालेले द्रव्य कोठे व कोणत्या क्रमाने खर्चावे हे ठरविणे त्याहून कठीण आहे. देणगी देताना ती गरजवंताच्या हाती पडावी अशीच प्रत्येक दात्याची इच्छा असते. अडचण इतकीच की, दाता ज्या रस्त्याने गावात येतो त्या रस्त्यावर गरजवंत बहुधा उभा नसतो. तो गावाच्या टोकाला, वस्तीवर, तांड्यावर किंवा परमुलखात असतो. त्याला शोधणे, त्याची निकड समजून घेणे आणि दहा निकडींतून आधी कोणती भागवावयाची हे ठरविणे, हे एक स्वतंत्र काम आहे. आणि ते दुष्काळ पडण्यापूर्वी करून ठेविले नाही तर तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते. त्या कामाची रीत दात्यांस कळावी म्हणून हे विवेचन अहवालास जोडले आहे.

उदाहरणासाठी जांब समर्थ हे गाव घेतले आहे. महाराष्ट्रास ते अपरिचित नाही. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीस समर्थ रामदासांचा जन्म येथे झाला. त्यांचे वडील सूर्याजीपंत ठोसर यांच्या घराण्याकडे कुलकर्ण होते. कोणाची जमीन किती, कोणाची बाकी किती, कोण परागंदा झाला, हे सर्व लिहिणारे ते घर. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात कुलकर्ण्याच्या घरचे वळण उतरले असावे असे आम्हांस वाटते. इ. स. १६३० ते १६३२ या काळात दक्षिणेत व गुजराथेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळी समर्थांचे वय बावीस ते चोवीस वर्षांचे होते. अस्मानी व सुलतानी अशा दोन्ही संकटांनी गांजलेल्या रयतेचे वर्णन त्यांच्या स्फुट प्रकरणांत आहे. तात्पर्य, गावाची खरी स्थिती नीट लिहून ठेवण्याची विद्या या गावास परकी नव्हे.

आता बाहेरचा मनुष्य जांब समर्थास केव्हा येतो ते पाहावे. तो बहुधा रामनवमीच्या उत्सवास येतो. त्या दिवसांत मंदिराचा परिसर झाडलेला, रस्ते माणसांनी फुललेले, पंगती उठत असतात. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तोही त्या पंगतीस असतो. अशा दिवशी गाव पाहून परतलेल्या सद्गृहस्थाने गावात काही उणे नाही असा ग्रह करून घेतला तर त्यास दोष देता येत नाही. किंवा उणे दिसलेच तर ते मंदिराजवळचे दिसते: सभामंडप अपुरा आहे, कमान नाही, यात्रेकरूंस निवारा नाही. या गोष्टी खोट्या नाहीत. परंतु त्या पाहुण्याच्या गरजा होत, गावकऱ्याच्या नव्हेत.

हा दोष एकट्या आमच्याकडचा नाही. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खेडी पाहण्यास जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या व परोपकारी मंडळींच्या दृष्टिदोषांचे मार्मिक वर्णन केले आहे. डांबरी सडकेलगतचे गाव पाहिले जाते, आतले राहते. योजना जेथे यशस्वी झाली तेच शेत दाखविले जाते. पुरुषांशी बोलणे होते, बायकांशी होत नाही. धडधाकट समोर येतात, आजारी अंथरुणावरच राहतात. आणि पाहणी बहुधा कोरड्या, सुखाच्या दिवसांत होते. हा शेवटचा मुद्दा मराठवाड्यास फार लागू आहे. गरिबाचे खरे हाल आषाढापासून भाद्रपदापर्यंत असतात: घरचे धान्य सरलेले, पेरणीस कर्ज काढलेले, हाती पीक नाही, आणि अंगात ताप. त्या दिवसांत वस्तीकडे जाणारी वाट काळ्या चिखलाची असते आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

काळाचा दुसरा एक फेरा जालना जिल्ह्यात ध्यानात धरावा लागतो. दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो. लहान मुले बरोबर जातात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. ही कुटुंबे परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. हिवाळ्यात, सोयीचे म्हणून, कोणी घरोघर यादी करावयास गेले तर सर्वांत गरीब घरांस कुलूप दिसते आणि यादीत त्यांची नावेच येत नाहीत. गंमत अशी की, अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे व घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी येथे साखर कारखाने आहेत. गोदावरीकाठी व कालव्याखाली ऊस उभा असतो. तरी त्याच मुलखातला मजूर दुसऱ्याच्या मुलखात ऊस तोडावयास जातो. म्हणून आमचा आग्रह असा की, यादी दोनदा करावी. एकदा वैशाखात, सर्व माणसे गावी असताना. आणि एकदा मार्गशीर्षात, मागे कोण राहिले हे पाहण्यासाठी. मागे राहिलेली म्हातारी व अपंग माणसे हीच फुकट अन्नाच्या मदतीस सर्वांत पात्र असतात.

यादी करावयाची ती कशी? केवळ गावच्या प्रमुखांस विचारून नव्हे. त्यांचा अनादर करावा असा अर्थ नाही, परंतु त्यांस जे दिसते तेवढेच ते सांगू शकतात. प्रथम गावकऱ्यांकडूनच पारावर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढवावा. त्यात गावठाण, दलितवस्ती, तांडा, शेतातली वस्ती, प्रत्येक विहीर व हातपंप दाखवावा. आणि प्रत्येक विहिरीपाशी ती कोणत्या महिन्यात आटते तो महिना लिहावा. विहिरी किती आहेत या प्रश्नास दुष्काळात फारसा अर्थ नसतो. चैत्र अखेर किती उरतात आणि त्यांवर पाणी भरण्यास कोणास मज्जाव आहे, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. नंतर शिवारफेरी करावी. त्यानंतर प्रत्येक घराच्या नावाची एकेक चिठ्ठी करून ती निरनिराळ्या तीन माणसांपुढे वेगवेगळी ठेवावी; एक शेतकरी, एक मजूर बाई, एक दुकानदार अशी माणसे घ्यावीत. ज्याचे वर्षभर भागते, ज्याचे सहा महिने भागते, ज्याचे भागतच नाही, अशा ढिगांत त्यांनी त्या चिठ्ठ्या लावाव्यात. तिघांचेही एकमत होते ती घरे निश्चित झाली. जेथे मतभेद पडतो तेथेच जाऊन चौकशी करावयाची. याने श्रम वाचतात आणि एकाच्या मर्जीवर यादी राहत नाही.

गरजांचा क्रम लावण्याचीही अशीच सोपी रीत आहे. पाच गरजा असल्या तर त्यांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी पुढे करून, यांतले एकच मिळणार असेल तर कोणते घ्याल, असे विचारावे व निवडलेल्या गरजेपुढे एक चिंचोका टाकावा. दहा जोड्या संपल्या की ढीग आपोआप बोलतात. मात्र हे पुरुषांच्या व स्त्रियांच्या निरनिराळ्या बैठकांत करावे. एकत्र बैठकीत पुरुष रस्ता व वैरण म्हणतात, स्त्रिया माना डोलावतात. निराळ्या बैठकीत त्याच स्त्रियांच्या ढिगात पाण्यापुढचे चिंचोके सर्वांत अधिक पडतात.

त्या असे का म्हणतात हे हिशेबाने पाहावे. पाच माणसांच्या घरास, नुसते पिण्यारांधण्यापुरते दरमाणशी २० लिटर धरले, तरी दिवसाला १०० लिटर लागतात. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर सात हंडे झाले. एका खेपेस एक बाई दोन हंडे आणते, म्हणजे चार खेपा. विहीर एक किलोमीटर लांब असेल तर येऊनजाऊन आठ किलोमीटर. त्यांतले चार डोक्यावर ओझे घेऊन. विहिरीवर रांग असेल तर दिवस तेथेच संपला. अशा बाईस रोजगाराच्या कामावर जाण्यास सांगणे व्यर्थ आहे. तिची मजुरी पाण्यानेच खाल्ली. म्हणून जेथे वस्तीपासून पाणी लांब आहे तेथे आधी पाणी पोहोचविले की मजुरीची मदत आपोआप निम्मी झाली असे समजावे. शासनाच्या जलजीवन योजनेत, जी २०१९ साली सुरू झाली, ग्रामीण भागासाठी दरमाणशी ५५ लिटरांचे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने २०० माणसांच्या वस्तीस दिवसाला ११,००० लिटर लागतील. टंचाईत २० लिटरांवर आणले तर ४,०००. आणि त्या वस्तीवर ३० मोठी जनावरे असतील तर, प्रत्येकी ४० लिटर धरून, आणखी १,२००. हा शेवटचा आकडा लहान आहे, म्हणूनच तो पुष्कळदा विसरला जातो. आणि तो विसरला की बैल विकले जातात.

येथे व्यापारी बंधूंस एक विशेष विनंती आहे, आणि ती पैशाची नव्हे. दुष्काळाची पहिली खबर सरकारी कागदावर येत नाही. ती तुमच्या वहीत येते. अडचणीत आलेले कुटुंब एकदम भुके मरत नाही. प्रथम ते खाण्याचा दर्जा उतरविते. डाळ बंद होते, तेल पावशेरावर येते, आणि हे किराणा दुकानदाराच्या उधारीच्या पानावर दिसते. मग शेळ्या जातात. मग बायकोच्या अंगावरचा दागिना गहाण पडतो किंवा मोडला जातो. ते सराफास कळते. मग बैल, आणि सरतेशेवटी जमीन. ज्या आठवड्यात बाजारात बैलांची आवक वाढून भाव पडतो आणि त्याच आठवड्यात ज्वारीचा भाव चढतो, तो आठवडा धोक्याचा समजावा. कारण तेव्हा शेतकऱ्याच्या जवळ विकण्याजोगी असलेली वस्तू स्वस्त आणि घ्यावयाची वस्तू महाग झालेली असते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची मीमांसा करताना हेच दाखविले की, बाजारात धान्य असूनही ज्यांच्या मजुरीची व मालाची किंमत पडते त्यांस ते मिळत नाही. जालन्याच्या मोंढ्यातील अनुभवी अडत्यास हा सिद्धान्त पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. कोणाचेही नाव न सांगता, अमुक गावांकडून उधारी दुप्पट झाली, अमुक भागातून मोड वाढली, एवढेच दर पंधरवड्यास कळविले तर त्याची किंमत मोठ्या देणगीइतकी होईल.

माहिती गोळा करून न्याय मागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त मागवून ते सरकारकडे पाठविले. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरास दररोज एक पौंड धान्य व एक आणा एवढीच मजुरी पुरे असे ठरविले, तेव्हा त्यावर सभेने केलेली टीका नुसती कळवळ्याची नव्हती; मजुरांची प्रत्यक्ष स्थिती काय आहे याच्या माहितीवर ती उभी होती. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम तयार झाले. त्यांचा गाभा असा की, जो काम मागण्यास येतो तो गरजू समजावा. आणि ज्याच्याने काम होत नाही त्याची गावात यादी करून त्यास फुकट मदत द्यावी. १९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात, मे १९७३ मध्ये, सुमारे ५० लक्ष माणसे शासनाच्या कामांवर होती. खडी फुटत होती, पाझर तलाव बांधले जात होते, मुलांना सुकडी व लोकांना तांबडी मिलो मिळत होती. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेस अनुसरून, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्यास काम या तत्त्वाचा मोठा गुण हा की, गरजू कोण हे दुसऱ्याने ठरवावे लागत नाही. उणीव एवढीच की, बाळंतीण, आजारी, वृद्ध व पांगळी माणसे कामावर येऊ शकत नाहीत. आणि खाजगी दानाने मुख्यतः जेथे पोहोचावयाचे ती जागा हीच.

सरकारी मदत असता खाजगी समितीचे काय काम, असे काही सद्गृहस्थ विचारतात. त्यास उत्तर असे की, सरकारास कोठेतरी रेषा ओढावी लागते. पूर्वी आणेवारी असे, दशमान नाणी आल्यावर तिला पैसेवारी म्हणू लागले. पन्नास पैशांच्या आतले पीक म्हणजे दुष्काळ असा ढोबळ दंडक होता. २०१६ च्या नव्या नियमावलीने पाऊस, पिकांची हिरवाई, जमिनीतील ओल इत्यादी कसोट्या घातल्या. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड व मंठा हे पाच तालुके होते. घनसावंगी त्यांत नव्हता. पुढे नोव्हेंबरात इतर तालुक्यांतील अनेक महसुली मंडळांस दुष्काळसदृश ठरवून सवलती देण्यात आल्या. शेजारच्या अंबडच्या शिवारात दुष्काळ आणि बांधापलीकडे घनसावंगीत नाही, असे ढग मानीत नाहीत. रेषेच्या पलीकडे राहिलेल्या गावांकडे समितीने प्रथम पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता क्रमाविषयी. सर्वांत मोठे नुकसान ते सर्वांत निकडीचे, असा समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. जे नुकसान पुढे भरून येत नाही ते सर्वांत निकडीचे. मनुष्याचा जीव व लहान मुलाचे पोषण यांस म्हणूनच पहिली जागा. त्यानंतर पाणी वेगळे लिहावयास नको, ते पहिल्यातच आले. नंतर बैल. दावण एकदा मोकळी झाली की पुढच्या पावसाळ्यात पेरणी दुसऱ्याच्या औताची वाट पाहते आणि वाफसा निघून जातो. म्हणून अल्पभूधारकाच्या बैलजोडीस वेळेवर दिलेला कडबा हे पुढील वर्षाचे धान्यच होय. मग बियाणे, तेही मृगापूर्वी. आषाढात पोहोचलेले बियाणे बहुधा दळून खाल्ले जाते.

मोसंबीच्या बागांचा प्रश्न जमीनदार वाचकांच्या मनात येईल. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या हे खरे. मोसंबीचे झाड फळावर येण्यास चारपाच वर्षे लागतात, तेव्हा ते नुकसान लवकर भरून येत नाही हेही खरे. जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, एवढे त्या फळाचे महत्त्व आहे. तरी बागमालकास कर्ज, विमा व शासकीय अनुदान हे मार्ग असतात, आणि त्याचे नुकसान पंचनाम्यात लिहिले जाते. त्या बागेत आळी करणाऱ्या व फळे उतरविणाऱ्या मजुराचे बुडालेले दिवस कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत. धर्मादाय पैशाचा ओघ त्या मजुराकडे वळवावा. बागायतदारांनी याचा राग मानू नये.

विंधनविहीर हे दान आजकाल फार लोकप्रिय आहे. दात्याचे नाव पाटीवर राहते म्हणूनही असेल. आमच्या काळ्या पाषाणात पाणी केवळ वरच्या झिजलेल्या थरात व खडकाच्या भेगांत असते. एका ठिकाणी खोल भोक पाडले की पुष्कळदा शेजारच्या विहिरीचेच पाणी तिकडे जाते. गावात नवे पाणी येत नाही, जुन्याचा मालक तेवढा बदलतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने निर्बंध घातले ते याच कारणाने. त्यापेक्षा जुन्या सार्वजनिक विहिरीचा गाळ काढणे, नाल्यावर बांध घालणे, उताराच्या जमिनीस बांधबंदिस्ती करणे ही कामे अधिक उपयोगाची, आणि त्यांत मजुरीही गावातच राहते. याच जिल्ह्यातील कडवंची गावात १९९६ पासून पाणलोटाचे काम, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत शास्त्रशुद्ध झाले. पुढे शेततळी झाली आणि तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मात्र असे काम दुष्काळाच्या वर्षी घाईने होत नाही, त्यास कैक वर्षांचा लोकसंग्रह लागतो. म्हणून समितीच्या निधीचा एक निश्चित भाग चांगल्या पावसाच्या वर्षीही अशा कामांसाठी राखून ठेवावा, असे सुचविणे भाग आहे.

देणगी देताना दात्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्कम शक्यतो विशिष्ट कामास न बांधता द्यावी. बांधावयाचीच असेल तर पाणी, अशक्तांस अन्न, वैरण व बियाणे, अथवा जलसंधारण यांपैकी एका सदराचे नाव लिहावे, गावातील अमुक गल्लीचे किंवा अमुक जातीचे नाव लिहू नये. धान्य द्यावयाचे असल्यास ज्वारी द्यावी, आणि पोहोचविण्यापूर्वी विचारून घ्यावे. मजुरीचा पैसा हाती असताना गावात फुकट धान्याच्या गाड्या उतरल्या तर लहान दुकानदार व ज्याच्याजवळ चार पोती विकावयाची आहेत असा शेतकरी दोघेही बुडतात. कडबा माघ-फाल्गुनात, रब्बीची ज्वारी निघताच, स्वस्त असतो. वैशाखात तोच दुप्पट भावाने घ्यावा लागतो. तेव्हा वैरणीची देणगी होळीच्या आत पाठविल्यास तेवढ्याच पैशात अधिक जनावरे जगतील. जुने कपडे पाठवू नयेत. ज्यांच्याजवळ रिकामी गोदामे आहेत त्यांनी ती चैत्र ते आषाढ या चार महिन्यांसाठी समितीस वापरावयास द्यावीत, आणि ज्या जमीनदारांच्या विहिरींस उन्हाळ्यात पाणी राहते त्यांनी त्या विहिरींची नावे गावच्या नकाशावर आपण होऊन लिहवून द्यावीत.